ढगाची वर्दी

ज्याच्या एका शब्दावर दुसऱ्याचे काम तोलून धरलेले असते, त्याने तो शब्द वेळेवर उच्चारावा, एवढाच त्याचा धर्म. त्यावर अलंकार चढवण्याचा अधिकार त्याला नाही. हे तत्त्व मी जन्मभर संस्कृतच्या वर्गात शिकवले. माझ्या स्वतःच्या पदरात मात्र ते पुतणीने टाकले, तेही गार पडलेल्या अंड्यांच्या ट्रेसकट.

“हात लावून बघा, काका,” ट्रे ओसरीवर ठेवत ती म्हणाली. “जीव धरला होता यांनी. आता म्हणा तुमची स्तोत्रं, येतेय का ऊब बघू.”

“ढग आला होता गं, बाळ.”

“मला दिसला! अख्ख्या गावाला दिसला! फक्त तुमच्या जावयांना कळला नाही, कारण तुम्ही त्यांच्या सर्दीची चौकशी करत होतात.”

“सर्दीची चौकशी करू नये की काय?”

“करा ना! ढग सांगून झाल्यावर करा!”

हकिगत अशी. गावाखालच्या माळावर नजर पोचेल तिथपर्यंत सोलर पॅनल उभे राहिले. त्यांची वीज ज्या तारांवरून दूरच्या शहरांकडे जाते, त्याच तारांना आमचे गावही टांगलेले. सूर्य तळपत असला की सारे सुरळीत. पण टेकडीमागून एखादा चुकार ढग माळावर आला की वीज एकदम कोसळते, सगळा तोल जातो आणि उपकेंद्रातली यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी आमची लाइन तोडून मोकळी होते. ती पुन्हा जोडेपर्यंत पुतणीच्या अंडी उबवण्याच्या मशीनची बॅटरी दम टाकते. तेच ढगाची वर्दी थोडी आधी मिळाली, तर धरणावरची वीज मागवून ती तूट भरून काढता येते. मोठे ढग उपकेंद्राला यंत्रावर दिसतात. टेकडीआड जन्मणारी ही पोरसवदा मंडळी दिसत नाहीत. त्यासाठी कॅमेरा यायचा होता. तो येईपर्यंत कुणीतरी टेकडीवरून पाहून फोन करावा, असे गावसभेत ठरले.

त्या सभेत मी ढगांच्या प्रकारांवर बोललो. बराच वेळ बोललो. लोक भारावून गप्प झाले आहेत, असा माझा समज झाला. शेवटी गावचा गवंडी उठला. “एवढं ठाऊक आहे, तर हे काम शास्त्रीबुवांनाच द्या. टेकडीवर घर, हाताशी वेळ, आणि आपलेही कान सुटतील.” ठराव एकमताने संमत झाला.

उपकेंद्रातले ऑपरेटर माझे जावई, ही सर्वांना सोय वाटली. तीच अडचण ठरली. सासऱ्याने फोन करावा आणि क्षेमकुशल विचारू नये, असे आमच्या घरात कधी घडले नव्हते; आणि सासरे बोलत असता मध्ये तोंड घालतील, असे ते जावई नव्हेत. त्या दिवशीचा आमचा संवाद जसाच्या तसा देतो.

“नमस्कार, जावईबापू. सर्दी कशी आहे?”

“उतरली, मामा. तुमचे गुडघे?”

“वयोमानानुसार. नातवंडे?”

“मजेत. मामा, काही विशेष?”

“विशेष असे की, वायव्येकडून एक शुभ्र, कापसाच्या राशीसारखा, किंचित निळसर किनार असलेला...”

ओसरीवरचा पंखा थांबला.

“तो पोचला, मामा,” जावई नम्रपणे म्हणाले.

हे सारे आठवत होतो, तोवर पुतणीने ओसरीवरचा ट्रे उचलला. संसार मोडल्यावर याच मशीनच्या जोरावर ती गावात ताठ मानेने उभी राहिली होती. “अजून एक खेप आत आहे,” ती आता हळू बोलली. “शेवटच्या दिवसांत आलीय, म्हणून अंगच्या उबेवर तगली. ती गेली तर मशीन बंद. शहरात जाऊन कुणाच्या तरी दुकानात उभी राहीन. सांगून ठेवते.”

ती गेल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, फोनपाशी मी बसते.”

“मला जमेल.”

“जेवताना मीठ मागायला तुम्हाला चार वाक्यं लागतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणी पायरीवर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. टेकडीमागून ढग वर आला. खरे सांगतो, फार देखणा होता. जिभेवर विशेषणे रांग लावून उभी राहिली. मी फोन उचलला.

“नमस्कार, मामा. गुडघे कसे...”

“ढग!” मी ओरडलो आणि फोन ठेवला.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे व्याख्यान.

सावली उतारावरून खाली गेली. पॅनलच्या रांगा एकामागून एक काळवंडल्या. डोक्यावरचा पंखा मंदावला, रेंगाळला. आता थांबतो की काय, असे वाटले. पुतणीने माझा हात घट्ट धरला. मग पंख्याने पुन्हा गती घेतली. ती मशीनकडे धावत सुटली.

थोड्या वेळाने फोन वाजला. लेक होती.

“बाबा, काय चुकलं आमचं?”

“कुठे काय?”

“यांचा फोन आला होता. म्हणाले, मामा एकच शब्द ओरडले आणि फोन आपटला. धरणावर पाणी सोडायला सांगेपर्यंत ठीक होते, मग घाबरले, मामा कशावरून रागावले म्हणून.”

सौभाग्यवती भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.

सूर्य मावळल्यावर ढगांना कुणी विचारत नाही. तेव्हा मी जावयांना फोन केला आणि दिवसभराचे राहून गेलेले सारे क्षेमकुशल विचारून घेतले. त्यांनीही दोन्ही गुडघ्यांची स्वतंत्र चौकशी केली. तेव्हापासून आमची हीच रीत आहे: उजेडात एक शब्द, अंधारात बाकीचे.

खेप फुटली, त्या सकाळी पुतणी ओंजळीत एक पिलू घेऊन आली. ओले, थरथरते, तरीही चिवचिवणारे.

“आशीर्वाद द्या, काका. आज आभाळ निरभ्र आहे. हवं तेवढं बोला.”

शब्द पुष्कळ होते. पण पिलाला परत मशीनमध्ये जायचे होते. मी त्याच्यावर हात धरला.

“ऊब टिको,” मी म्हणालो. “सगळ्यांची.”