दुपारच्या बॅचची गाडी

बाई गाडी चालवायला शिकवायच्या. घरचे सोडले तर सगळ्यांसाठी त्या नुसत्या बाई होत्या. गाडी एकच, वय झालेली, शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेली. सकाळी त्यांच्याकडे कॉलेजातली मुलं यायची, आणि नोकरीवर जाण्याआधी शिकून घेणारी माणसं. दुपारी यायच्या त्या बहुतेक बायका, घरचं आवरून किंवा दुकान तासभर बंद ठेवून आलेल्या. सकाळची बॅच पटापट तयार व्हायची, दुपारची रखडायची. बाईंनी त्याचं कारण कधीच ठरवून टाकलं होतं. दुपारच्या बायका घाबरट असतात. हे त्या वाईट मनाने म्हणत नसत. घाबरणाऱ्यांना आपण किती सांभाळून घेतो, याचं त्यांना थोडं कौतुकच होतं.

त्या वर्षी दुपारी टेलरताई यायच्या. नवरा-बायको मिळून शाळांचे गणवेश शिवायचे आणि नवरा ते व्हॅनमधून पोचवायचा. त्याची नजर कमी होत गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. व्हॅन दुकानासमोर धूळ खात पडली. तेव्हा टेलरताईंनीच शिकायचं मनावर घेतलं. संध्याकाळी त्या उभ्या व्हॅनमध्ये बसून गिअर बदलायचा सराव करायच्या आणि नवरा शेजारी बसून नुसत्या आवाजावरून चुका सांगायचा.

पण बाईंच्या गाडीत त्यांचं काही जमेना. पुलाकडे जाणाऱ्या चढावर एक सिग्नल होता. तिथे क्लच जरा लवकर सुटला की गाडी बंद पडायची, आणि एकदा बंद पडली की चालू व्हायचं नाव घ्यायची नाही. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला वेढा देणारा सेल्फ जडपणाने घरघरायचा, इंजिन अर्धा वेढा घेऊन अडायचं, पुन्हा अर्धा वेढा. मागे हॉर्नचा कल्लोळ. एका दुपारी पुन्हा तेच झालं. एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढून, बायकांना गाडी कोण देतं, असं काहीतरी विचारलं. टेलरताईंनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली.

"क्लच सोडायची घाई करता तुम्ही," बाई म्हणाल्या. "घाबरू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

टेलरताईंनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, दार उघडलं आणि त्या उतरून चालायला लागल्या. फुटपाथवरून सरळ, एकदाही मागे न बघता. बाई सरकून त्यांच्या जागेवर बसल्या. गाडी चालू होईपर्यंत सिग्नल कितीदा तरी लाल-हिरवा झाला.

गाडीला काहीतरी होतंय हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. त्यांचा थोरला भाऊ गॅरेज चालवायचा, त्याला त्यांनी दोनदा दाखवली होती. दादाकडे गाडी जायची ती सकाळी, पहिल्या बॅचच्या आधी. तिथे ती किल्ली लावायचा अवकाश की उठायची. दादाने आधी बॅटरी बदलली. मग सेल्फ उघडून साफ केला, त्याचे झिजलेले कार्बन नवे टाकले. तरी तक्रार येतेच म्हटल्यावर त्याने हात टेकले. जुनं इंजिन आहे, तापलं की जड होतं, आपल्यालाही जेवण झाल्यावर उठवत नाही, असं म्हणून त्याने बहिणीची समजूत घातली. आणि बाईंची समजूत पटली होती, कारण सकाळी गाडी कधी अडायचीच नाही.

टेलरताई निघून गेल्या, त्यानंतर काही दिवसांनी सकाळच्या बॅचमधला बँकेतला तरुण दुपारी आला. सकाळी त्याला कुठेतरी जायचं होतं. हा बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. एका हाताने स्टिअरिंग फिरवायची सवय मोडायला बाईंना त्याच्याशी भांडावं लागायचं. चौकात त्याच्याकडून गाडी बंद पडली. सकाळीही पडायची, तो हसायचा, किल्ली फिरवायचा, पुढे जायचा. आज सेल्फ घरघरला आणि इंजिन अडलं. मागून हॉर्न सुरू झाले. तरुणाची मान ताठ झाली. कशीबशी गाडी निघाली, पण पुढच्या सिग्नलला त्याने क्लच असा काही सोडला की गाडी उडी मारून परत बंद पडली. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. आता तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

घाई करता तुम्ही, हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य बाहेर पडलं नाही. शेजारी बसलेला माणूस हुबेहूब टेलरताईंसारखा दिसत होता.

गाडी चालू झाल्यावर बाईंनी त्याला बँकेपाशी सोडलं आणि इंजिन बंद न करता तडक गॅरेज गाठलं. दादा जेवत होता. बाई खिडकीतूनच म्हणाल्या की मी बंद करणार नाही, तू ये आणि तू बंद कर. दादा हात धुऊन आला. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, क्षणभर थांबला आणि परत फिरवली. इंजिनाने अर्धा वेढा घेतला आणि अडलं. दादा बराच वेळ ते ऐकत राहिला.

मग तो मीटर घेऊन आला. आधी बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावून त्याने बहिणीला सेल्फ मारायला सांगितलं. बॅटरी चांगली तग धरून होती. म्हणजे दोष तिच्यात नव्हता. मग त्याने एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवलं. तिथे काटा जागचा हलायला नको होता. बाईंनी किल्ली फिरवली तशी त्याने चांगलीच उडी घेतली. त्याने एक जाड केबल आणून बॅटरीपासून थेट इंजिनाला जोडली आणि मानेनेच खूण केली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. केबल काढली, इंजिन बंद केलं, परत सेल्फ मारला. पुन्हा तीच घरघर.

दादा गाडीखाली शिरला. इंजिनापासून बॉडीला जाणारी, करंटला परतीची वाट देणारी अर्थिंगची केबल सायलेन्सरच्या पाइपाला लागूनच होती. वरून चांगली दिसायची. त्याने तिचं आवरण सुरीने चिरलं, तर आत वर्षानुवर्षं साठलेली हिरवी भुकटी आणि बहुतेक तारा तुटलेल्या.

"सकाळच्या गारव्यात जेमतेम निभावून नेते," तो खालूनच म्हणाला. "दुपारपर्यंत पाइप आणि ऊन मिळून हिला पुरती तापवतात, मग हिच्यातून करंट पुढे सरकत नाही. सेल्फ बिचारा अर्धपोटी राबतो. आणि मी गाढव, दोन्ही वेळा सकाळीच बघत बसलो."

"म्हणजे टेलरताईंची चूक नव्हतीच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला चढावरचं सगळं सांगितलं.

दादा बाहेर आला आणि हात पुसत राहिला. "गाडी बंद त्यांनीच पाडली. ती सगळेच पाडतात. सकाळचा माणूस पाडतो, किल्ली फिरवतो, निघून जातो. घरी पोचेपर्यंत विसरतो. यांना मात्र भर रस्त्यात उभं राहून सगळ्यांचं ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी पाय थरथरणारच. आणि पाय थरथरला की परत बंद पडणार."

नवी केबल टाकून होईपर्यंत बाई बाकावर बसून होत्या. त्यांना एक-एक करून चेहरे आठवत होते. मध्येच शिकायचं सोडून गेलेल्या बायकांचे.

तिथून त्या टेलरताईंच्या दुकानात गेल्या. टेलरताई मशीनवर होत्या. नवरा बाजूला बसून हाताने चाचपत शर्टांच्या घड्या घालत होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शिलाईची ओळ संपेपर्यंत टेलरताईंनी मशीन थांबवलं नाही.

"गाडी अडते हे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं. तुमच्यामुळे अडते असं वाटत होतं."

मग नवरा म्हणाला की ही घरी येऊन म्हणाली, माझ्या हातातच ते नाही, व्हॅन देऊन टाका कोणाला तरी. तो एकाला शब्द देऊन बसला होता.

"शब्द परत घ्या," टेलरताईंनी त्याला सांगितलं. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "येईन मी. पण सकाळी नाही. दुपारीच, आणि त्याच चढावर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना आधी गावभर फिरवलं. गाडी चांगली तापल्यावरच पुलाकडे वळवली. सिग्नल हिरवा झाला, क्लच लवकर सुटला, गाडी बंद पडली. बाई गप्प बसल्या. टेलरताईंनी किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच उठलं. त्यांनी ते मुद्दाम बंद केलं. परत चालू केलं. मागून हॉर्न वाजायला लागले.

"वाजवू दे," टेलरताई म्हणाल्या, आणि आणखी एकदा बंद करून चालू केलं. मग सावकाश क्लच सोडत त्या चढ चढून गेल्या.

त्या आठवड्यात बाईंनी जमतील तेवढ्या जुन्या शिष्यांना फोन केले. एकीचा नंबर लागलाच नाही. एक नर्स मनापासून हसली. तिने स्कूटर घेतली होती आणि आता तिला चारचाकीची गरज नव्हती. एकीने थंडपणे ऐकून घेतलं आणि आता सांगून काय उपयोग असं विचारलं. आणखी एक बाई, जिने फार पूर्वी सोडलं होतं, तिने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे पाहुणे आले की हे अजून तो किस्सा सांगतात," ती म्हणाली. "मी चौकात गाडी बंद पाडून रडले तो. सगळे हसतात. थांबा, त्यांनाच देते फोन. त्यांना सांगा."

पलीकडे पावलं वाजली, दार उघडल्याचा आवाज झाला, एका पुरुषाने कोण आहे म्हणून विचारलं. बाईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.