अर्पणाचं पान

“रंजना, पानी आन वं!”

सात वर्षांनी सुरतहून परतलेल्या हेमराजकाकांनी तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या घराच्या ओट्यावर पाय ठेवला आणि जणू सकाळीच वावरात गेले होते अशी हाक मारली. कामिनी तेव्हा नऊ वर्षांची. त्यांची बायको रंजनामावशी आतून आली, तांब्या पुढे केला, एक शब्द बोलली नाही. ते न बोलणं कामिनीच्या मनात तीस वर्षं रुजत राहिलं आणि त्याची कादंबरी झाली. दोनशे वर्षांपूर्वीची तापी, परागंदा शिलेदार, आणि घाटावर त्याची वाट पाहणारी मैना.

काका वारले त्याला वर्ष झालं होतं. कादंबरी सोमवारी छपाईला जाणार होती. शनिवारी दुपारी मावशी शहाद्याला एसटीतून उतरली ती तरातरा कामिनीच्या घरी. कामिनीने कौतुकाने पाठवलेली कच्ची प्रत तिने पिशवीतून काढून झोपाळ्यावर आपटली.

“हाई मैना कोन शे?”

“मावशी, बस तरी. पाणी देते.”

“पानी ऱ्हाऊ दे. मैना कोन शे?”

“पात्र आहे ते.”

“पात्र म्हने! कापूस वेचानी येळ, आनि हाई रोज सांजले घाटवर बसस. हिना वावरमा काय भुतं कापूस वेचतस? आनि हात म्हने कमळना!” तिने आपली बोटं कामिनीच्या नाकासमोर धरली. बोंडांच्या टोकांनी चिरलेल्या, काळवंडलेल्या कडा. “हाऊ दख कमळ!”

कामिनीचंही डोकं फिरलं. “पाच वर्षं राबलेय मी! तेव्हाची लुगडी, दागिने, नाणी, सगळं तपासलंय.”

“दागिना तपासात तू. बाईना राग तपासा?”

“राग आहे की तिला! पान दोनशे चाळीस...”

“आनि दोनशे एक्केचाळीसले गया! शिलेदारना डोयामा एक आसू ऊनं, का हाई गयामा पडनी. सात वरीसना राग एक पानमा? आनि तो? मानूस एक आसूमा बदलस का वं?”

“संपादक रडले तो शेवट वाचून!”

“रडू दे. त्याले काय, त्यानी थोडी भाकरी थापी!”

“मग तू का नाही भांडलीस?” कामिनी ओरडली. “मी होते तिथे. तांब्या दिलास, संसार केलास. घरातल्या प्रत्येक सुनेला तुझंच उदाहरण देतात. मी काय खोटं लिहिलं?”

मावशीने प्रतीचं पहिलं पान उघडलं. त्यावर एकच ओळ होती: रंजनामावशीस, जिने वाट पाहिली.

“मन्हं नाव काढ.”

“का? वाट पाहिली नाहीस तू?”

बाहेर उसाचा ट्रॅक्टर खडखडत गेला. मग तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“वाट दखी,” ती म्हणाली. “सात वरीस दखी. एसटी वाजनी का दार उघडू. पन तो येई म्हनीसन नही, पोरी. तो मरी गया, हाऊ निरोप येई म्हनीसन.”