सातवा कप

पेन्सिलीच्या टोकाला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. आधी त्याला वाटलं, बाहीचा दोरा. बोटावर घेऊन खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं... दोरा नव्हता. मोड होता, केसाएवढा, मधोमध तुटलेला. म्हणजे सहाव्या कपातली बी जिवंत होती. निदान दहा वाजेपर्यंत तरी.

एकतीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेलेल्या माणसाला ‘आत असेल’ एवढ्यावर स्वस्थ बसता येत नाही. समोरचा खरंच बोलतोय असं धरून चालायचं, तर पगार कशाचा घ्यायचा?

बाहेरच्या खोलीतल्या कट्ट्यावर दह्याचे सात रिकामे कप, बुडाला भोक, खाली बशी, तोंडावर प्लास्टिक; सगळं बायको करायची तस्संच. बियाही तिच्याच. हा टोमॅटो बाजारात मिळत नाही. अठरा वर्षं ती दर हंगामाचा एक टोमॅटो बाजूला ठेवून, बिया धुऊन, कागदावर वाळवून पुढच्या वर्षाला पोचवत आली. शेवटच्या पाकिटात सातच निघाल्या. पाकिटावर तिच्या अक्षरात : ‘गोड आहेत. जपून.’ ती जाऊन पाच महिने झाल्यावर त्याने त्या पेरल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला उकरून पाहू लागला. मातीने ताकास तूर लागू दिली नव्हती.

काल मुलगी आली होती.

“बाबा, परत उकरलंत?”

“उकरलं नाही. पाहिलं.”

“पेन्सिलीने?”

“डोळ्यांनी. पेन्सिल आपली सोबतीला.”

“आई म्हणायची ते खोटं नाही. तुम्ही दूध तापत ठेवून एकटक बघत राहिलात की पातेलंसुद्धा घाबरतं.” ती हसली, मग हसायची थांबली. “अहो, मोड फार नाजूक असतो. धक्का लागला की संपलं.”

“किती संपले असतील?”

“ते कसं कळणार? उकरूनच—” तिने जीभ चावली आणि जाताना पेन्सिल कपाटावर ठेवली, लहान मुलांपासून औषधं ठेवतात तशी. त्याचा हात कपाटापर्यंत पोचतो, हे ती विसरली.

झोप हेच औषध, असं डॉक्टर बायकोच्या आजारपणात म्हणाले होते. दुपारी तिचा डोळा लागत आला, की तो दारात उभा — “झोप लागली का?” ती डोळे उघडायची. “लागत होती.” दहा मिनिटांनी पुन्हा. छाती हलताना दिसत होती, नाही असं नाही. पण हलणारी गोष्ट खात्रीची नसते, हे काट्यांनीच शिकवलेलं. एकदा डोळे न उघडता म्हणाली, “अहो, लागलीय. जा आता.” उत्तर मिळालं म्हणून त्याला बरं वाटलं होतं!

आणि मग ती दुपार. विचारलं, उत्तर आलं नाही. चला, लागली एकदाची, म्हणून तो चवड्यांवर चालत, स्वतःवरच खूश होत स्वयंपाकघरात गेला, चहा केला, बिस्किटसुद्धा खाल्लं... एकतीस वर्षांत मी एकदाच न तपासता शेरा मारला. एकदाच. ती केव्हा गेली — मी दारात होतो तेव्हा, की चहात साखर ढवळत होतो तेव्हा — हे आता कुठे उकरायचं?

तुटलेला मोड त्याने तळहातावर घेतला. त्याला वजन असं नव्हतंच. असलंच, तर ते दाखवील असा काटा त्याने कधी पाहिला नव्हता.

सातवा कप उरला होता. प्लास्टिकला आतून दव धरलेलं. तो वाकला. पेन्सिल मातीपासून बोटभर वर थांबली.

“झोप लागली का?” त्याने हळूच विचारलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला लाज वाटावी तशी वाटली.

कप गप्प.

उत्तर न येण्याचे अर्थ दोन होतात. ते दोन्ही बरोबर घेऊन तो चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेला, दूध तापत ठेवलं, आणि पातेल्याकडे पाठ करून उभा राहिला. पेन्सिल अजून हातातच होती.