भारनियमनातलं नेट

मयुरीच्या पत्राला प्रेमदास थूल यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र होळीआधी पुण्याहून आलं होतं, आणि आता वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत कूलर बाहेर निघाले होते. पोरगी फोनवर आईशी तासभर बोलायची. बाबांच्या हाती फोन दिला की ते "हो, हो, बरं आहे" एवढं म्हणून परत करायचे. म्हणून बाबांना काही विचारायचं असलं की ती वसतिगृहात असल्यापासून पत्रच लिहायची.

या वेळी तिनं मोठंच विचारलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करावं असं तिच्या मनात होतं. कंपनी घरून काम करू द्यायला तयार होती. काम म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं, टाइप करायचं आणि वेळेत परत पाठवायचं. दोनचारदा उशीर झाला तर नोकरी जायची. त्यांच्या गल्लीत टेलिफोनची लाइन अजून आली नव्हती. तेव्हा ते बिनतारी नेट आपल्या घरात चालतं का, हे बाबांनी वापरून पाहावं. "तुम्ही हो म्हणालात तर मी येते," असं तिनं शेवटी लिहिलं होतं.

त्या वाक्यानं प्रेमदासजींच्या तोंडची चव गेली. सारी नोकरी त्यांनी ग्रंथालयात काढली होती. कुणी "हे पुस्तक चांगलं आहे का?" असं विचारलं, तरी ते "वाचून पाहा" म्हणायचे. आता हो म्हणावं तर पोरीची नोकरी धोक्यात, नाही म्हणावं तर ती तिकडेच अडकणार. जावई महिन्यातले वीस दिवस फिरतीवर.

वर्ध्याला ओळखीच्या चंद्रभानचं मोबाइलचं दुकान होतं. त्यानं लॅपटॉपला लावायचं, पेनाच्या टोपणाएवढं नेटचं डेटा कार्ड हातावर ठेवलं. "वापरून पाहा काकाजी. नाई जमलं त आणून देजा."

मयुरीचा जुना लॅपटॉप घरात होता. तिच्या जुन्या मेलमध्ये नमुन्याचं एक रेकॉर्डिंग होतं. ते लॅपटॉपवर उतरवून परत त्याच पत्त्यावर धाडायचं, आणि हे अर्ध्या तासात व्हायला हवं, असं तिनं लिहिलं होतं. दुपारी भारनियमन सुरू झालं की पंखा थांबायचा आणि घामानं पुस्तकाची पानं बोटांना चिकटायची. मग प्रेमदासजी बॅटरीवर लॅपटॉप लावून बसायचे. फाइल झरझर उतरायची, झरझर जायची. इतकं सरळ कसं होतंय, याचीच त्यांना धास्ती वाटायची, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करून पाहायचे.

अखेर एकदा त्यांनी कागद घेतला. बायको धुरपता शेजारी गहू निवडत होती.

"का लिहून राह्यले?"

"नेट चालते म्हून."

"पन तिची कामाची पाळी त संध्याकाळी लागते ना जी? तिकडल्या लोकाइची सकाय होते तवा."

प्रेमदासजींनी पेनाला टोपण लावलं.

त्या संध्याकाळी दिवे होते, पंखा होता, आणि लॅपटॉपवरची फाइल उतरण्याची हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन बसली ती बसलीच. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. ते चंद्रभानकडे गेले आणि खालमानेनं सगळं सांगितलं. तो हसला.

"दुपारी लाइट गेली का साऱ्याइचे कंप्युटर बंद, काकाजी. टॉवर तुमच्या एकट्याचाच. संध्याकाळी सारी पिपरी त्याच्यावर. रिकामा रस्ता पाहून तुमी म्हन्ता, बैलगाडी मस्त पयते."

त्यानं एक लांब वायर दिली. कार्ड त्या वायरीला लावून खिडकीच्या गजाबाहेर टांगायचं. त्यानं फरक पडला, पण किती ते कळेना. एका संध्याकाळी फाइल वेळेत गेली, दुसऱ्या संध्याकाळी वेळ उलटून गेली. मग दोनदा वेळेत, मग वारा सुटला आणि पुन्हा उशीर. उत्तराचे कागद त्यांनी लिहून लिहून फाडले. आणखी थोडे दिवस पाहावं, असं ते रोज स्वतःला सांगत होते.

एका सकाळी धुरपतानं फोन ठेवला आणि ती चुलीकडे वळली.

"का म्हने मयुरी?"

"तिकडच्याच दवाखान्यात नाव घालून राह्यली."

"काऊन?"

"काऊन म्हून मलेच इचारा. म्हने, बाबानं उत्तर नाई धाडलं, म्हनजे त्याइच्या मनात नसन. तोंडावर नाई म्हनवत नसन." तिनं भाकरी उलटली. "मी म्हनलं, तसं नाई वो बाई, तुहा बाप नेट तपासून राह्यला. त म्हने, महिनाभर?"

आपण गप्प राहिलो म्हणजे अजून हो-नाही काहीच बोललो नाही, असं प्रेमदासजींना इतके दिवस वाटत होतं.

"फोन लावून देऊ?"

"नको. फोनवर मी हो हो करन, अन् तिले काईच समजनार नाई."

त्यांनी लिहिलं:

"चि. मयुरी, दुपारी नेट चांगलं चाललं, पण ती वेळच चुकीची होती. संध्याकाळी कार्ड खिडकीबाहेर टांगलं तर बहुतेक वेळा काम होतं, प्रत्येक वेळी होत नाही. वाऱ्याच्या दिवशी भरवसा नाही. त्यामुळे नेटबद्दल मी हो म्हणू शकत नाही. कंपनीशी काय बोलायचं ते तू ठरव. पण तू घरी ये. नेट चाललं तरी ये, नाही चाललं तरी ये. हे विचारायची तुला गरज पडावी, याचं मला वाईट वाटतं. तुझे बाबा."

पुन्हा वाचलं तर फाडलं जाईल, म्हणून त्यांनी न वाचताच पाकीट चिकटवलं. डोक्याला दुपट्टा बांधला आणि भर उन्हात ते टपाल कचेरीपर्यंत चालत गेले. पाकीट पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. पाकीट हाताला लागलं नाही. तरी ते कचेरीत गेले आणि खिडकीपलीकडच्या माणसाला त्यांनी विचारलं, "आजच्या डाकेनं निघन ना?"

"निघन ना जी," तो शिक्का मारता मारता म्हणाला.