एकेचाळिसावं घर

पोस्टमन निवृत्त झाला तेव्हा वेळ भरपूर होता आणि बोलायला कुणी नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी दूर, रविवारी फोन करायची. म्हणून त्याने जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला. नदीकाठचं ते गाव सत्तर वर्षांपूर्वी पुरात गेलं आणि लोक टेकडीवर येऊन राहिले. तो इथेच जन्मला. खालचं गाव त्याने पाहिलंही नव्हतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत दोन वर्षांत चाळीस घरं कागदावर आली. तोवर सांगणारेही एकेक करून गेले.

नदीला लागून एक चौकोन मात्र कोरा राहिला. "घर होतं खरं, पण कुणाचं ते आठवत नाही," सगळे म्हणत.

उरल्या होत्या एकट्या शिंपीणकाकू. वय ब्याऐंशी, पण जीभ कात्रीसारखी.

"पत्र नाही, पार्सल नाही, मग दारात कशाला उभा? ये आत!"

त्याने शिलाई मशीनवर नकाशा पसरला. काकूंचं बोट घराघरांवरून फिरत त्या चौकोनावर थांबलं.

"इथे एक बाई राहायची. एकटी. मला सुई धरायला तिनेच शिकवलं."

"मग कुणालाच कशी आठवत नाही?"

"न आठवायला काय झालं! पाणी चढलं तेव्हा वडिलांनी मला पिटाळलं, जा, तिला हाक मार. बारा वर्षांची होते मी. अर्ध्या वाटेत पाणी पायाला लागलं नि माघारी पळाले. वडिलांना सांगितलं, येतेय म्हणाली. टेकडीवर सगळे तिची वाट बघत बसले. नंतर जो तो मनाशी कुढत राहिला, आपण का नाही गेलो म्हणून, नि तिचं नावच कुणी काढेना. खरं काय ते मी कुणाला सांगितलं नाही."

तो म्हणाला, "पुरात गेली, एवढंच लिहितो."

"नाही. शिंपीण खोटं बोलली, असं लिही."

त्याने पेन्सिल काढली.

"शाईने," काकू म्हणाल्या.

नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लागला. लोकांनी आपापली घरं शोधली, फोटो काढले. त्या चौकोनाखालचं वाचून काहींनी न वाचल्यासारखं केलं. गर्दी ओसरल्यावर काकू काठी टेकत आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"दार नदीच्या बाजूला होतं," एवढंच म्हणाल्या. त्याने दुरुस्ती केली आणि त्यांना घरी सोडलं.

पुढचे दोन दिवस तो घरातच बसून होता. कुणाकडे जाऊन विचारावं असं काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तसाच उठून काकूंकडे गेला.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले.