हाकेला ओ देणारा मेंढा

मी एक मेंढा. नाव सोन्या. गेर्लिंगेन या जर्मन गावाच्या टेकडीवरच्या कुरणांत वाढलो, तरी मला मराठी कळतं. कारण मला बाटलीने दूध पाजणारी बाई मराठी होती.

माझी आई मला जन्म देताच गेली. ऊर्मिलाने मला पोत्यात गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं. ती मूळची नगरकडची. इंजिनियर म्हणून इथल्या एका कंपनीत आली, चर्चच्या गायनमंडळात योहानेस या मेंढपाळाशी ओळख झाली आणि त्याच्याशीच लग्न करून बसली. आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, उरलेले दिवस आम्ही. दर चार तासांनी ती बाटली घेऊन यायची आणि म्हणायची, "ये सोन्या. भिऊ नकोस, मी आहे."

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला तिने मला चर्चमध्ये नेलं. पाळकबाई उत्तम मेंढपाळाविषयी, म्हणजे प्रभूविषयी, बोलत होत्या. मेंढरं त्याचा आवाज ओळखतात, त्याच्या मागे चालतात. मग ऊर्मिलाने पार मागच्या बाकावरून मला हाक मारली. मी मुलांच्या पायांतून वाट काढत थेट तिच्याकडे धावलो. मुलांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, आपण देवाच्या कामाला लागलो.

पुढच्या वसंतापासून मला खरंच काम मिळालं. सणाआधी कुरणाच्या फाटकापाशी एक गाडी यायची. तिच्या मागच्या फळीवर पाय ठेवला की पोकळ आवाज येतो. कोकरं त्याला घाबरतात, मागे सरतात, एकमेकांवर चढतात. मग ऊर्मिला गाडीच्या तोंडाशी उभी राहून मला हाक मारायची. मी चढायचो आणि माझ्यामागून कोकरं चढायची. सगळी आत आली की ती पुढचं छोटं दार उघडून मला एकट्याला बाहेर घ्यायची. वर एक गाजर.

सात वर्षं मी हे केलं. गाडी जाते कुठे, हे मी कधी विचारलं नाही. मी निवडलेला आहे, माझ्यावर वेगळी कृपा आहे, असं मला वाटायचं. गाजर खाताना फार प्रश्न पडत नाहीत.

यंदा ऊर्मिलाचे वडील, आत्मारामपप्पा, पहिल्यांदाच इथे आले. गावच्या चर्चच्या मंडळीत चाळीस वर्षं शास्त्र शिकवलेला माणूस. रोज सकाळी दोन स्वेटर चढवून ते कुंपणापाशी खुर्ची टाकत आणि मोठ्याने बायबल वाचत. मध्येच थांबून मला विचारत, "काय सोन्याशेठ, पटतंय का?"

मी मान हलवली की हसत. "एका हाकेला येतो बघ! आमच्या मंडळीत असे दहा असते, तर पाळकसाहेबांचा घसा वाचला असता."

एकदा ते म्हणाले, "मेंढपाळ पुष्कळ असतात रे. पण आमचा मेंढपाळ स्वतःच कोकरू झाला. कळपात शिरला, आणि वेळ आली तेव्हा कळपाला सोडून निघून गेला नाही." तेव्हा मला ते फारसं समजलं नाही. माझं लक्ष गवताकडे होतं. ते तोडता येत नव्हतं. या हिवाळ्यात माझे पुढचे दात पडले होते.

झावळ्यांच्या रविवारनंतरचा, म्हणजे सणाआधीच्या पवित्र आठवड्यातला सोमवार. सकाळी गाडी आली. योहानेसने मागची फळी खाली घेतली. कोकरं नेहमीसारखी बिथरली. ऊर्मिला तोंडाशी उभी राहिली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं नाही, एवढंच निराळं होतं.

"ये सोन्या. भिऊ नकोस, मी आहे."

मी चढलो. एकवीस कोकरं माझ्यामागे चढली. फळी वर गेली, कडी लागली. मी सवयीने पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

दार उघडलं नाही.

बाहेरून पप्पांचा आवाज आला. "अगं, सोन्या आतच राहिला की!"

"राहिला नाही, पप्पा. त्याचे दात गेलेत. पुढचा हिवाळा काढणार नाही तो. यंदा त्यालाही पाठवतोय."

"मग त्याला हाक कशाला मारलीस?"

तिने कडी पुन्हा ओढून पाहिली. मग हळूच म्हणाली, "हाक मारली नसती, तर तो चढला नसता."

"ऊर्मे," पप्पा म्हणाले. फक्त तेवढंच. योहानेस जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला आणि गाडी सुरू झाली.

आता मी त्या गाडीतूनच बोलतोय. दात गेले म्हणून पाठवलं, याचा मला राग नाही. मेंढरांचं आयुष्य मला ठाऊक आहे. पण मला ओढत आणलं असतं तरी चाललं असतं. ज्या शब्दांनी मला जगवलं, तेच शब्द वापरायला नको होते. आणि मी तरी कोण? सात वसंत मी पुढे चाललो, आणि माझ्या पाठीवर विश्वास ठेवून चढलेल्या एकाही कोकराकडे वळून पाहिलं नाही.

या आठवड्यात तुम्ही गुडघे टेकाल, मार्गदर्शन मागाल. जरूर मागा. मला फसवलं ते एका माणसाने, पप्पांच्या त्या मेंढपाळाने नाही. त्याच्यासाठी कुणी वेगळं दार ठेवलं नव्हतं, म्हणून त्याच्या हाकेवर मी अजूनही विश्वास ठेवतो. पण तुम्ही त्याच्या नावाने कुणाला हाक माराल, तेव्हा आधी स्वतःला विचारा: ज्याला बोलावतोय त्याच्याबरोबर आपण आत जाणार आहोत का?

गाडी वळली. कोकरं घसरून माझ्या अंगावर आली. सगळ्यात लहान होतं त्याने विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

खोटं सांगणं सोपं होतं. त्याने ते लगेच मानलं असतं.

"चांगल्या ठिकाणी नाही," मी म्हणालो. "माझ्याजवळ ये."

ते आलं. मी पाय रोवून उभा राहिलो, म्हणजे पुढच्या वळणाला ते पडणार नाही.