काठापलीकडची भिंत

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं, त्या सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट.

शिवरुद्रअप्पा भिंती रंगवायचे. पेडगावपासून येलदरीपर्यंत त्यांचा कुंचला फिरला नाही असं गाव दाखवा मला. बियाणं, सरकी पेंड, विडी, कुटुंब नियोजन, सांगाल ते लिहीत. अक्षर असं ठसठशीत की बैलगाडीवाल्यानं गाडी न थांबवता वाचावं. ते अप्पा चुडाव्यात भिंत रंगवताना शिडीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात शाबूत, नजर शाबूत. पण पलंगावर पडले ते भिंतीकडं पाठ करूनच.

लोकांचं काय, सल्ला द्यायला पैसा लागत नाही. म्हणाले, बसल्या जागी पाट्या रंगवा, दुकानाच्या, गाडीच्या. त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं, एक कोरी पाटी आणून मांडीवर ठेवली. अप्पांनी ती उचलून खाली ठेवली. "मला हे जमायचं न्हाई," एवढंच बोलले. मग बोलणं कमी झालं, जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरनं नीलम्माला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्यांना कशात तरी गुंतवा, न्हाईतर माणूस हातचा जाईल.

मुलगा शिवलिंग परभणीत कॉम्प्युटरच्या कामाला होता. बापाच्या काळजीनं त्याचं कशात लक्ष लागेना. एका कचेरीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणला आणि हैदराबादच्या मित्राकडून फ्लॉप्यांची चवड मागवली. त्या फ्लॉप्यांत लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली. त्याची तऱ्हाच न्यारी. मशीन ते चालवणार, पण पडद्याचं रूप कसं असावं, बटणं कुठं असावीत, माऊसचा बाण पडद्याच्या काठाला गेला की काय व्हावं, हे ज्यानं त्यानं निवडायचं. तशी तीन-चार रूपं त्या चवडीतच होती.

शिवलिंगनं सगळी लावून बघितली. एक होतं करड्या रंगाचं, बेंगरूळ. त्याची जागा पडद्यापेक्षा मोठी होती. बाण काठाला नेला की पडदा पुढं सरकायचा आणि नवी कोरी जागा समोर यायची. ते त्यानं आधी बाद केलं. आजारी माणूस, काढलेलं कुठं गेलं म्हणून घाबरायचा. त्यानं दुसरं निवडलं, देखणं, मोठ्या बटणांचं, सगळं एका पडद्यात मावणारं. पाय गेलेल्या माणसाला सगळं हाताशी पायजे, असा त्याचा हिशोब. पोरगं गुणी, बापावर जीव टाकणारं, पण चुकलं ते इथंच.

रविवारी सकाळी टेबल पलंगाला लावलं. नीलम्मानं अप्पांच्या पाठीला लोड दिला. अप्पांनी पडद्याकडं बघितलं, कपाळाचं भस्म बोटावर घेतलं आणि काचेला लावलं. कुठलीही भिंत सुरू करताना ते असंच करायचे. नीलम्माला वाटलं, देवानं ऐकलं.

शिवलिंगनं रेघा ओढायचा प्रोग्राम उघडून माऊस हातात दिला. पहिल्या दोन रेघा वाकड्या गेल्या, तिसरी सरळ आली. अप्पा रेघ ओढत उजवीकडं गेले आणि बाण काठाला अडला. पुन्हा रेटून बघितला. पुन्हा अडला. त्यांनी हात काढून घेतला.

"संपली?"

"काय, अप्पा?"

"भिंत."

"पडदा एवढाच असतोय. सगळं डोळ्यासमोर, तुमच्या सोयीचं हाय."

"मग ही पाटीच की रे," अप्पा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

शिवलिंग तरातरा अंगणात आला. मायपुढं भडकला, की इतकं करून ह्या माणसाला काय पसंतच न्हाई. नीलम्मा ज्वारी निवडायलीती. तिनं त्याला ना समजावलं, ना रागावली. तिचं आपलं दुःख वेगळंच चाललं होतं.

"मोठी भिंत झाली की रात्री पाय दाबून घ्यायचे माझ्याकडून," ती म्हणाली. "हात कवा दुखले न्हाईत त्यांचे. आता पाय दुखतच न्हाईत. काय दाबू मी?"

शिवलिंग ओट्यावर बसला. एक अक्षर, एक पाऊल, मग पुढचं अक्षर. बाप हातानं कमी आणि पायानं जास्त लिहायचा, हे पोटच्या पोराच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो आत गेला, देखणं रूप काढून टाकलं आणि ते बेंगरूळ लावलं. त्याचे सगळे पडदे उजवीकडं एका ओळीत लावले आणि रेघा ओढायची जागा पार टोकापर्यंत ताणली.

"अप्पा, एकदाच बघा. माझ्यासाठी बघा."

नाइलाजानं अप्पांनी माऊस धरला. बाण काठाला गेला. पडदा सरकला आणि समोर कोरी जागा आली. अप्पांचा खांदा हलला, सगळं अंग उजवीकडं झुकलं. नीलम्मा दारात येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"पुढची भिंत."

अप्पा दुपार कलेपर्यंत लिहीत राहिले. चहा निवला. एक अक्षर झालं की काठाला जायचे, जागा पुढं यायची, अंग झुकायचं. मग एकदा बाण काठाला गेला आणि पडदा सरकला नाही. लिनक्स झालं म्हणून काय, जागा कधी तरी संपणारच. आता हे पुन्हा तोंड फिरवणार, असं शिवलिंगला वाटलं.

पण भिंत कोपऱ्यावर संपली की रंगारी सुरुवातीपासून चूक बघत पुन्हा येतो. अप्पा उलटे निघाले. एकेक पडदा मागं सरकवत डाव्या टोकाला पोचले, मग सावकाश बघत पुन्हा उजवीकडं आले. डोळे भरले होते, पण आवाज कामावरचा होता.

"शेवटचं अक्षर झुकलंय. राहू दे तसंच. उद्या नीट करतो."

पडल्यापासून त्यांच्या तोंडात उद्याचा शब्द आला नव्हता. नीलम्मानं पदर तोंडाला लावला आणि कसंबसं विचारलं,

"उद्या कवा उठवू?"

"उजाडायच्या आत. उन्हात रंग धरत न्हाई."

त्या भिंतीला ना ऊन होतं, ना रंग. नीलम्मानं ताट वाढून आणलं आणि अप्पांनी ते पुढं ओढलं.